भोंग्याचे मौन

बोलण्यापूर्वी ते रिक्षाचे इंजिन बंद करीत.

त्यांचा व्यवसाय पुकाऱ्याचा होता. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून, साड्यांच्या सेलपासून दंतचिकित्सेच्या शिबिरापर्यंत जे काही लोकांना कळवायचे असेल, ते गल्लोगल्ली सांगत फिरायचे. त्या काळी आमच्या शहरात असे आणखी चार-पाच जण होते. ते सारे चालत्या रिक्षातून, पाठीमागे गाणे लावून, एकच वाक्य दहा वेळा ओरडत निघून जात. हे मात्र गल्लीच्या तोंडाशी थांबत, किल्ली फिरवीत, खाली उतरून थर्मासमधील कोमट पाण्याचा एक घोट घेत आणि मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तितक्याच खालच्या आवाजात बोलू लागत. घरातून नीट ऐकू येत नसे, म्हणून बायका हातातले काम ठेवून दारात येत. मी एकदा त्यांना म्हणालो, "अहो, थोडा आवाज वाढवलात तर त्यांना उठावे लागणार नाही."

"मेंढरू हाकेनं येतं, गुरुजी," ते म्हणाले. "आरडलं की पळतं."

फुलंब्रीकडच्या एका धनगराच्या घरात त्यांचा जन्म झाला होता. मिसरूड फुटेपर्यंत माळावर मेंढरे राखली; पुढे कळप विकला गेला आणि ते शहरात आले. प्रथम मोंढ्यात पोती वाहिली, नंतर रिक्षा घेतली, आणि कोणाच्या तरी ध्यानात आले की या माणसाचा आवाज खालचा असूनही दूरवर जातो. सदऱ्याच्या एका खिशात ज्येष्ठमधाची काडी असे, दुसऱ्यात गेरूचा एक खडा. काडी कंठासाठी, हे उघड होते. गेरू कशासाठी, असे विचारले तर म्हणत, "धनगराची सवय हाय, गुरुजी. मेंढरांना खूण करायचो. हात रिकामा बरा वाटत नाय."

बाकीचे भोंगेवाले त्यांना 'मुका' म्हणत. पैठण गेटजवळच्या चहाच्या टपरीवर एकाने माझ्यादेखत त्यांना छेडले होते, "काय मुक्या, आज किती गल्ल्या निजवल्या?"

"तू उठवलेल्या तेवढ्या," ते बशीत चहा ओतीत म्हणाले.

आता ते नाहीत. आज छत्रपती संभाजीनगरात पुकारा करायला माणूस लागत नाही. ध्वनिमुद्रित केलेला आवाज रिक्षात फिरतो आणि त्याला तहान लागत नाही. मी सायंसंध्येला बसलो की दूरध्वनी वाजतो, एक गोड स्वर मला 'प्रिय ग्राहक' म्हणतो आणि कर्ज घेण्याची विनंती करतो. आचमनाचे पाणी हातात असताना हे प्रेम ऐकावे लागते. त्या स्वराला मी कोण हे ठाऊक नाही, हे मी समजू शकतो. पण जाणून घेण्याची इच्छाही नाही, हे मला बोचते. अशा वेळी मला हटकून थर्मासचे झाकण फिरवणारा तो काटकुळा माणूस आठवतो.

त्यांचा एक विलक्षण नियम होता. ज्या वस्तूचा पुकारा करायचा, तिचा एक दोष सांगितल्याखेरीज ते पुकारा संपवीत नसत. गुलमंडीवरच्या एका कापडव्यापाऱ्याने साड्यांचा सेल लावला, तेव्हा यांनी आधी एक साडी घरी नेऊन भिजवली. मग तीन दिवस सांगत फिरले, "कापड चांगलं हाय, किनार घट्ट हाय. रंग मात्र पहिल्या धुण्याला थोडा जातो. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मंग जात नाय."

व्यापारी संतापला. "अहो, मी तुम्हाला पैसे कशाचे देतो?"

"सांगायचे, शेठ. सांगितलं की."

बायका दुकानात जाऊन 'ती मिठाच्या पाण्यातली साडी दाखवा' म्हणू लागल्या, आणि सारा माल खपला. तरीही त्या व्यापाऱ्याने यांना पुन्हा कधी बोलावले नाही. लाभापेक्षाही माणसाला स्तुती प्रिय असते, असे मला त्या वेळी त्या व्यापाऱ्याविषयी वाटले. स्वतःविषयी वाटायला अजून अवकाश होता.

शेंद्र्याच्या बाजूला भूखंड विकणारा एक गृहस्थ असाच त्यांच्याकडे आला होता. 'शहरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर' असे त्याच्या कागदावर छापलेले होते. पुकारेवाले तो कागद घेऊन भर दुपारी रिक्षाने तिकडे गेले, परत आले आणि कागद त्याच्या हाती देऊन म्हणाले, "दहा मिन्टं कुणाची, साहेब? घारीची?" ते काम त्यांनी घेतले नाही.

त्यांची माझी ओळख दत्तमंदिराच्या पायरीवर झाली. मंदिराच्या मागील खोलीत मी संध्याकाळी संस्कृताचा वर्ग घेत असे, आणि ते आरतीला येत. त्यांचा व्यवसाय कळल्यावर मी एकदा त्यांना मीमांसाशास्त्रातील अर्थवादाविषयी सांगितले. वेद एखादे कर्म करावयास सांगतो आणि लगेच त्या कर्माची स्तुती करणारी वाक्ये येतात. मनुष्याचे मन मूळचे आळशी, नुसत्या आज्ञेने ते उठत नाही, म्हणून स्तुतीने त्याला उठवायचे. या स्तुतीला अर्थवाद म्हणतात. तुमच्या धंद्याला आमच्याकडे एवढे प्राचीन अधिष्ठान आहे, हे ऐकून त्यांना आनंद होईल अशी माझी समजूत होती.

ते काडी चघळीत ऐकत होते. "मंग त्येच्यात खोट बी सांगितली असंल की."

"वेदात खोट कशी असेल?"

"तसं नाय. म्हंजी, या कामाला लई दिवस लागतेत, लई तूप जळतं, उपाशी ऱ्हावं लागतं, असं सांगितलंय का कुठं?"

मी म्हणालो, "ते सगळे जिथे विधी सांगितला आहे तिथे सविस्तर आहे. काहीही लपवलेले नाही."

"हां," ते समाधानाने म्हणाले. "म्हणून टिकलं ते."

हा वर्ग माझा नव्हे, माझ्या गुरूंचा. त्यांनी त्याच खोलीत चाळीस वर्षे अध्यापन केले होते. अखेरच्या आजारात त्यांनी माझा हात धरून एवढेच म्हटले होते की पाठ खंडित होऊ देऊ नकोस, आणि मी 'होऊ देणार नाही' असे वचन दिले होते. मी सेवानिवृत्त झालो त्या वर्षी वर्गात चार विद्यार्थी उरले. त्यांपैकी एक पुजाऱ्याचा पुतण्या, आणि तो प्रसादाच्या वेळेच्या अंदाजाने येत असे.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी मंदिराचे कार्यवाह आले. सज्जन मनुष्य, बोलताना त्यांनाही अवघडल्यासारखे होत होते. "गुरुजी, आदर आहेच. पण चार जणांसाठी खोली अडवून ठेवणे सभासदांना पटत नाही. गुरुपौर्णिमेपर्यंत बारा जण झाले तर वर्ग चालू द्या. नाहीतर ती खोली मंगलकार्याच्या भांड्यांना द्यावी लागेल."

गुरूंच्या आसनाच्या जागी पातेली रचलेली मला दिसू लागली. दुसऱ्या दिवशी मी पुकारेवाल्यांना गाठले.

"करतो की," ते म्हणाले. "पण आधी माल बघावा लागंल."

तीन संध्याकाळ ते आले. आत बसले नाहीत. बाहेर पादत्राणांजवळ भिंतीला टेकून बसत, काडी चघळीत, आणि पाठ संपला की उठून जात. चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या घरी येऊन गेले. मी बाजारात गेलो होतो. शेजाऱ्याजवळ निरोप ठेवला होता, 'उद्यापासून पुकारतो.'

माझी पत्नी त्या वर्षांत आतल्या खोलीत अंधार करून पडून असे. मस्तकशूळाचा दीर्घ विकार होता. बाहेरच्या दाराची कडी वाजते म्हणून मी कडीला चिंधी गुंडाळली होती. घरातील या गोष्टी बाहेर बोलण्याचा माझा स्वभाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार हलकेच ओढून घेतले आणि ओट्यावर येऊन उभा राहिलो. खोटे कशाला सांगू, आपल्या वर्गाविषयी, आपल्या गुरुपरंपरेविषयी भोंग्यातून काय सांगितले जाते हे ऐकण्याची मला उत्सुकता होती. शेजाऱ्यांनीही ऐकावे अशी इच्छा होती. दहाच्या सुमारास रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. इंजिन बंद झाले. ते खाली उतरले. पण माईक हातात घेण्याऐवजी त्यांनी रिक्षा हातांनी ढकलायला सुरुवात केली. माझ्या दारावरून जाताना मान किंचित लववली आणि तसेच ढकलीत थेट पलीकडच्या कडुनिंबापर्यंत गेले. तिथे रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

मला वाटले, रिक्षा बिघडली असावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. तेव्हा मात्र मनात शंका आली की हा मनुष्य माझ्यासमोर सांगता येणार नाही असे काहीतरी बाहेर सांगत आहे. मी चप्पल घालून मागोमाग गेलो. पिठाच्या गिरणीपाशी त्यांनी रिक्षा उभी केली, पाण्याचा घोट घेतला, आणि मी गिरणीच्या आडोशाला उभा राहून ऐकले.

"ऐका. दत्ताच्या देवळामागं सांजच्याला सहा वाजता एक गुरुजी संस्कृत शिकवतेत. त्येच्यानं नोकरी लागत नाय. शिकायला लई वेळ लागतो. गुरुजी एकच गोष्ट चार-चारदा सांगतेत. कुणाचं चुकलं तर चष्मा काढून पुसत बसतेत, बोलत नायत. मारत नायत, हाकलत नायत. पैसे घेत नायत. चटई हाय. पंखा आवाज करतो. ज्याला यायचं त्यानं गुरुपौर्णिमेपासून यावं."

मी आडोशातून बाहेर आलो. इतका क्रोध मला क्वचितच आला असेल. "हे काय चालवले आहे तुम्ही? मी वर्गाची प्रसिद्धी करायला सांगितले होते, माझी निंदा करायला नव्हे."

"खोटं हाय का त्येच्यात काही?"

"पंख्याचा इथे काय संबंध?"

"येणाऱ्याला आधी म्हाईत असावं, गुरुजी. नायतर पहिल्या दिशी माणूस पंखाच ऐकत बसतं."

गिरणीतल्या बायका हसल्या. माझ्या कानांपर्यंत रक्त चढले. "माझ्या गल्लीतून तोंड लपवून जाता, आणि इथे हे बोलता," असेही मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि काडी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

त्या दुपारी मी स्वहस्ते मजकूर लिहिला. सकल विद्यांची जननी, वाणीशुद्धिकारक, स्मरणशक्तिवर्धक, सर्व परीक्षांत यशोदायक, अशी विशेषणे मी मोठ्या काळजीने रचली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सगळ्या परीक्षांत?"

"तो अर्थवाद आहे," मी म्हणालो.

"हां." कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "वाचतो. तुमचा वर्ग हाय."

आणि त्यांनी तो एक अक्षरही न गाळता वाचला. गुरुपौर्णिमेपर्यंतचे सगळे दिवस वाचला. मी दोन वेळा मागून जाऊन पाहिले. दारे उघडत नव्हती. एका गल्लीत मात्र एक वृद्धा काठी टेकीत रिक्षाजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, हे डोक्याचं औषध गोळ्यांत मिळतं का पातळ हाय?"

"औषध नाय, आजी," ते गंभीरपणे म्हणाले. "गुरुजी हायत."

गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी मी लवकर जाऊन खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली, गुरूंच्या पादुकांची पूजा केली आणि बसलो. कार्यवाह दाराशी खुर्ची टाकून बसले होते. चार विद्यार्थ्यांपैकी तीनच आले. सहा वाजले. पंखा आवाज करीत होता; त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मी मनातल्या मनात गुरूंची क्षमा मागू लागलो.

तेवढ्यात पदराला हात पुशीत एक बाई दाराशी आल्या. एका खानावळीत पोळ्या लाटण्याचे काम करणाऱ्या, पन्नाशीच्या. "इथंच का ते गुरुजी, चार-चारदा सांगणारे?" त्यांनी विचारले. त्यांच्यामागून छावणीतले एक निवृत्त हवालदार आले, कानात यंत्र घातलेले. मग एक शिंपी, मग दोघी बहिणी, मग एक सासू आणि तिची सून, मग आणखी पाच जण. चटई पुरेना. कार्यवाहांनी दाराबाहेरचे चपलांचे जोड बोटाने मोजले, दोनदा मोजले, खुर्चीची घडी केली आणि मला नमस्कार करून निघून गेले. आम्ही सोळा जण होतो.

मी त्या बाईंना विचारले, "आपल्याला कसे समजले?"

"भोंग्यावरून. चारदा सांगतेत म्हटल्यावर आले. शाळेत मला एकदाच सांगायचे, अन् मंग बाकावर उभं करायचे."

हवालदार म्हणाले, "पंखा वाजतो असं कळलं होतं. म्हणून मशीनमधी नवी बॅटरी घालून आलो."

"आणि नंतरचा पुकारा? वाणीशुद्धिकारक वगैरे?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिले. "ते औषधाचं?" शिंपी म्हणाला. "ते ऐकलं की. पण ते येगळं होतं ना?"

ज्यांना मी माझे दोष समजलो होतो, ते त्या माणसाने बाहेर बसून तीन संध्याकाळ पारखून घेतले होते, आणि कोणाला काय हवे आहे हे जाणून तेवढेच सांगितले होते. खोली राहिली. भांड्यांची सोय दुसरीकडे झाली. मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो, क्षमा मागितली. त्यांनी पेढा कपाळाला लावून खाल्ला.

"एक विचारू का?" मी म्हणालो. "माझ्या गल्लीत का पुकारले नाहीत?"

"तिथं गिऱ्हाईक नाय, गुरुजी."

हे उत्तर मला लागले. आमच्या गल्लीत चाळीस घरे होती. पुढे प्रत्येक वर्षी आषाढ लागला की मी न सांगताही ते वर्गाचा पुकारा करीत, आणि प्रत्येक वर्षी माझ्या दारावरून रिक्षा हातांनी ढकलीत नेत. नंतर नंतर बाकीचे भोंगेवालेही माझ्या घरापुढे गप्प होऊ लागले. गाणे बंद, बोलणे बंद, आणि कडुनिंब ओलांडला की पुन्हा सुरू. मला वाटे, त्या दिवशी गिरणीपाशी मी चारचौघांत बोललो, त्याचा हा अबोला आहे. भोंगेवाल्यांच्या बिरादरीने मला वाळीत टाकले आहे. मी तोही दंड योग्य मानून स्वीकारला होता. अशी नऊ वर्षे गेली.

दहाव्या वर्षी ज्येष्ठात माझी पत्नी गेली. तेराव्याचे सर्व आटोपले, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आलो तर फाटकाच्या दगडी खांबापाशी ते उकिडवे बसलेले दिसले. हातात ओले फडके होते आणि ते खांबाचा खालचा भाग पुशीत होते.

"काय करता आहात?"

"पुसतोय, गुरुजी," ते वर न बघता म्हणाले. "आता नाय लागत."

मी वाकून पाहिले. जमिनीपासून वीतभर उंचीवर गेरूच्या दोन उभ्या रेघा होत्या. एक अर्धी पुसली गेली होती. वर्षानुवर्षे कोणीतरी पावसाळ्यानंतर त्या पुन्हा ओढल्या असाव्यात, इतक्या त्या ठसठशीत होत्या.

"कसली खूण ही?"

"आत कुणीतरी आवाजाला भितंय, अशी. आम्हां भोंगेवाल्यांत सगळ्यांना ठावं हाय. शहरात लई दारांवर हाय."

"पण तुम्हाला सांगितले कोणी? मी तर कोणालाच..."

"कडीनं. निरोप द्यायला आलतो तवा पाह्यलं, कडीला चिंधी. उगं कोण बांधतंय?"

मी ओट्यावर बसलो. ती पहिली सकाळ मला आठवली. ज्या आवाजापासून तिला जपण्यासाठी मी कडीला चिंधी बांधली होती, तोच आवाज माझी स्तुती घेऊन दारापुढे यावा म्हणून मी याच ओट्यावर उभा होतो, आणि भिंतीपलीकडे ती पडून होती. मी शास्त्रे शिकलो होतो. एका वेळी एका घराचा विचार करणे मात्र मला सुचले नव्हते. "तेव्हाच का नाही सांगितलेत? मी तुम्हाला इतके बोललो."

"मंग तुमी घरातल्या मायला सांगितलं असतं," ते म्हणाले. "तिला वाटलं असतं, आपल्यापायी गल्ली गप हाय."

त्यांनी दुसरी रेघ पुसली, फडके पिळले. जायला निघाले तेव्हा मी म्हणालो, "उद्यापासून आषाढ. वर्गाचा पुकारा असेल ना?"

"व्हय."

"माझ्या दारापुढेही करा."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास रिक्षा आली आणि दारासमोर थांबली. त्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरून थर्मासमधील पाण्याचा एक घोट घेतला, माईक हातात घेतला. शेजारच्या बायका दारात आल्या. मी ओट्यावर उभा होतो.

"ऐका. दत्ताच्या देवळामागं सांजच्याला सहा वाजता एक गुरुजी संस्कृत शिकवतेत. त्येच्यानं नोकरी लागत नाय. लई वेळ लागतो. एकच गोष्ट चार-चारदा सांगतेत. कुणाचं चुकलं तर चष्मा काढून पुसत बसतेत, बोलत नायत." पुढचे वाक्य मी आधी कधी ऐकले नव्हते. "गुरुजी आताशा एकलेच असतेत, लवकर येऊन बसतेत. ज्याला लवकर यायचंय त्यानं लवकर यावं."

मी चष्मा काढला आणि पुशीत उभा राहिलो.